खाऱ्या पाण्यातली कुंडी

मित्रांनो, मी मातीची कुंडी आहे, पण माझ्यात कधी रोप वाढले नाही. भट्टीतून निघतानाच माझ्या काठाचा टवका उडाला होता, म्हणून झाडांच्या दुकानात मला कोणी हात लावीना. एका सकाळी छापखान्यातली रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाने मला उचलले. आतून बोट फिरवून तो म्हणाला, "छान खरखरीत आहेस." तेव्हापासून अकरा वर्षे मी त्याच्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात आडवी पडून आहे. घरात त्याला बाबा म्हणतात. मीही तेच म्हणते.

माझ्या पोटात क्लाउनफिश या पट्टेरी समुद्री माशांची जोडी अंडी घालते. आधी ती नारिंगी दिसतात. आठव्या दिवशी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे उमटतात. चारशे अंडी, आठशे डोळे, आणि पापणी एकालाही नाही. नर पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवत राहतो.

पिल्ले अंधार पडल्याशिवाय अंड्यातून निघत नाहीत, आणि अंधार पडला की बाबा कामावर. म्हणून त्यांनी बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत टाकी मांडली आणि दिव्यांचे वेळापत्रकच उलटे केले. घरात सकाळचे अकरा वाजले की आमची रात्र होई. बाबा दार लावून स्टुलावर बसत आणि काचेच्या कोपऱ्याशी छोटी बॅटरी धरत. उजेडाकडे जमलेली, केसाच्या तुकड्याएवढी पिल्ले ते वाडग्याने अलगद उचलून दुसऱ्या टाकीत सोडत.

नियम एकच होता. दार उघडायचे नाही. फटीतून उजेड आला की पिल्ले उधळतात.

"बाबा, जेवायला येताय की अंड्यांवर बसलाय?" मुलगी बाहेरून विचारी.

बाबा टाकीखालच्या लाकडावर दोनदा टकटक करत. म्हणजे, येतो.

त्या दिवशी पिल्ले बाहेर पडली तेव्हा बाबांचा हात काचेला टेकलेला होता. मग तो तसाच राहिला. वाडगा मांडीवरच होता. बॅटरी जळत होती. चारशे पिल्ले तिच्यापुढे जमली आणि थांबून राहिली.

नराला काचेवर हात खपत नाही. तो जबड्याने आवाज करतो.

"बाबा, जेवण गार होतंय."

टक-टक.

"बरं, बसा तुमच्या नातवंडांत."

तिने तीनदा हाक मारली. तीनही वेळा उत्तर मिळाले. दार चार वाजता उघडले.

पुढे आत्या म्हणाली, "टाकी देऊन टाक कुणाला तरी. घरात नको."

"शेवटपर्यंत उत्तर देत होते ते, आत्या. तीन वाजतासुद्धा."

"डॉक्टर तर म्हणाले, बाराच्या आतच सगळं..."

"दाराबाहेर डॉक्टर उभे नव्हते. मी होते."

मी मातीची. मला काही सांगता आले नाही.

जोडीने पुन्हा अंडी घातली. आठव्या दिवशी मुलीने दार लावले, स्टुलावर बसली, बॅटरी धरली. पिल्ले आली. वाकताना तोल सावरायला तिने काचेवर हात टेकला.

टक-टक.

ती हलली नाही. थोड्या वेळाने तिने हात काढला. आवाज थांबला. पुन्हा टेकला. टक-टक. असे तिने सात-आठ वेळा केले. मग, जेवायला बोलवावे तशा आवाजात, तिने विचारले, "बाबा?"

हात काचेवरच होता. नराने उत्तर दिले.

तिने उठून दार सताड उघडले. बरीचशी पिल्ले उधळली. उरलेली तिने एकेक करून वाडग्यात घेतली. त्यातली साठ जगली.

टाकी अजून घरातच आहे. दार मात्र आता कधीच लागत नाही, आणि पिल्ले थोडी हाती लागतात. मित्रांनो, बंद दारामागून आलेल्या आवाजावर समाधान मानू नका. नियम कितीही शहाणपणाचा असो, आत जा, माणसाचा चेहरा बघा. उधळली पिल्ले तर उधळू द्या.