कागदाएवढी जागा

माझे वडील मलप्पा सुतार यांनी उभ्या आयुष्यात माझं कौतुक एकदाच केलं, आणि तेही स्वतःच्या चुकीची फुशारकी मारता मारता. ती चूक मी पकडली होती. हे सांगताना आजही माझी छाती फुगते, तर फुगू दे. ज्यांना नम्रपणा आवडतो त्यांनी दुसऱ्या कुणाची गोष्ट वाचावी.

आप्पांचा कारखाना लातूरला, गंजाच्या बाजारामागच्या गल्लीत. कारखाना म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली ते एकटे. दारं, देवघरं, पेट्या असलं काम. लाकूड वापरायचे ते किनवटच्या जंगलातलं सागवान, तेही दहा-दहा वर्षं माळ्यावर वाळवलेलं. त्यांची एक रीत होती. पेटीत कप्पा सरकवला की कोरा कागद घ्यायचा आणि फटीतून चारी बाजूंनी फिरवायचा. एकेरी कागद फिरला पाहिजे, दुमडलेला अडला पाहिजे. मध्ये जागा राहील ती तेवढीच. लहानपणी कागद फिरवायचं काम माझं होतं. कुठं अडला की मी बोट ठेवायचो आणि आप्पा तिथं रंध्याचा एक हात मारायचे. "तीस सालात एक काम वापस आलं न्हाई," हे त्यांचं वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो. ते खरंही होतं.

सतराव्या वर्षी मी रंधा खाली ठेवला आणि हैदराबादला जाऊन मोटारीच्या तारांचं आणि रेडिओचं काम शिकलो. आप्पांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "लाकडाचं काम डोळ्याला दिसतं. तारंत काय दिसतं?" मला राग आला. मला राग लवकर येतो आणि जायला फार दिवस लागतात. चार वर्षांनी मी नांदेडला वजिराबादेत दुकान टाकलं, दारावर 'हणमंत मलप्पा, मोटार व रेडिओ दुरुस्ती' अशी पाटी लावली. आई येऊन गेली, बहीण जगदेवी येऊन गेली. आप्पा तीन वर्षांत एकदाही आले नाहीत. लातूर ते नांदेड काही सातासमुद्रापार नाही.

ते आले ते त्या रेडिओपायी.

लातूरला रेणुकादास वकील म्हणून बडं प्रस्थ होतं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष झालं होतं, पण लढाईच्या बातम्यांनी लागलेली रेडिओची चटक काही वकीलसाहेबांची सुटली नव्हती. चालत्या मोटारीत रेडिओ ऐकता यावा म्हणून त्यांनी मुंबईहून मोटारीचा रेडिओ मागवला. त्यांच्या मोटारीत तो बसवायला जागाच नव्हती. मग आप्पांनी भर वैशाखात त्याच्यासाठी सागवानी खोकं केलं आणि स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बसवलं. खोकं असं झालं, की लोक रेडिओ ऐकायला येत आणि खोकं पाहून जात.

मिरगाचा पाऊस लागला आणि रेडिओचं नाटक सुरू झालं. पाऊस आला की रेडिओ बंद. दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा सुरू. वकीलसाहेबांनी पहिला आळ घेतला तो अजीजवर. अजीज त्यांचा ड्रायव्हर, साधा माणूस. मोटार धुताना तूच आत पाणी घालतोस, असं साहेब म्हणाले. अजीजने रुसून मोटार धुणंच सोडलं. महिनाभर मोटार चिखलाने माखून फिरत होती आणि रेडिओ तरीही पावसात बंदच पडत होता. मग रेडिओ खोक्यातून काढून दोनदा हैदराबादला धाडला. दोन्ही वेळा तो परत आला आणि सोबत चिठ्ठी, की यात काही बिघाड नाही, उत्तम वाजतो.

शेवटी साहेब वैतागले. नांदेडच्या कोर्टात त्यांची तारीख होती. ते आप्पांना म्हणाले, "जाताना तुझ्या पोराला दाखवतो. त्याला नाही जमलं तर रेडिओ विकून टाकतो आणि ते खोकंही काढून टाकतो." आप्पांनी हातातलं काम ठेवलं आणि सांगितलं, "माझ्या खोक्याला माझ्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई. म्या बी येतो."

असे आप्पा माझ्या दुकानी आले. आषाढाची झड लागलेली, दुपार असून अंधारून आलेलं. मोटार दारात थांबली, पुढून साहेब उतरले आणि मागून आप्पा, डोक्यावर पोतं घेऊन, काखेत हत्यारांची पिशवी. त्यांनी वर पाटीकडे पाहिलं. पाटीचं लाकूड आंब्याचं होतं. ते त्यांना आवडलेलं नाही, हे मला लांबूनच कळलं.

"पाणी दे रे हणमंता," एवढंच ते बोलले आणि मोटारीच्या मागच्या सीटवर परत जाऊन बसले. तिथून त्यांना खोकं दिसत होतं.

मला त्या दिवशी काय पाहिजे होतं ते सरळ सांगतो. रेडिओ वाजायला पाहिजे होता, आणि तो माझ्या हातानं वाजलेला आप्पांनी पाहायला पाहिजे होता. तारेत काय दिसतं म्हणाले होते ना, मग बघा.

मी कळ फिरवली. रेडिओ मुका. दिवे लावून पाहिले, लख्ख. हॉर्न दाबला, गल्लीतली कुत्री पळाली. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. तिच्यापासून रेडिओपर्यंतची तार हातानं चाचपत गेलो, कुठं सोललेली नाही, कुठं ओली नाही. मग रेडिओ तारांसकट खोक्यातून बाहेर ओढला. ओढताना जोर लागला. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण माझं डोकं तारांत होतं. रेडिओ सीटवर ठेवून पुन्हा कळ फिरवली. रेडिओच्या आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट गेलं आणि हैदराबाद स्टेशन खरखरत लागलं. कुणी बाई गात होती.

"वाजला," अजीज म्हणाला.

"तो असाच वाजतो," साहेब म्हणाले. "आत ठेव, मग बघ."

मी आत ठेवला. बाई गप्प झाली.

पुन्हा बाहेर काढला. ओलं फडकं घेऊन तारांवर पिळलं, रेडिओवर गुंडाळलं, तरी तो वाजतच राहिला. म्हणजे पाण्याशी त्याचं काही भांडण नव्हतं. पुन्हा आत सारला, तर बंद. असं चार वेळा झालं. साहेब घड्याळ पाहू लागले. मागच्या सीटवरून आप्पांची नजर मला पाठीत टोचत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या रेडिओच्या उजव्या अंगाला बोटाएवढी नळी होती. तिच्यात फ्यूज आणि वर एक टोपी. टोपी सरळ बसली तर रेडिओला वीज मिळते, जराशी तिरकी झाली की जोड सुटतो. टोपीला जागा व्हावी म्हणून आप्पांनी खोक्याच्या भिंतीत आतून वाटीसारखा खळगा कोरला होता.

मी टेबलावरचा एक कोरा कागद घेतला. कशासाठी घेतला हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. सवय होती. रेडिओ आत सारला आणि कागद फटीतून फिरवायला लागलो. वरून फिरला, खालून फिरला, डावीकडून फिरला. उजवीकडे टोपीपाशी आला आणि अडला.

मी पुन्हा ओढून पाहिला. कागद हलेना.

दहा वर्षं माळ्यावर वाळवलेलं लाकूड, आणि खोकं केलं ते लातूरच्या भर वैशाखात. मिरगापासून त्यानं हवेतलं पाणी प्यायला सुरुवात केली आणि ते फुगलं. सागवान फुगून फुगून किती फुगणार? कागदाएवढंच. पण आप्पांनी जागाही कागदाएवढीच सोडली होती. दुसऱ्या कुठल्या सुतारानं केलं असतं तर खोकं ढिलं झालं असतं आणि रेडिओ बारा महिने वाजला असता. पावसात भिंत आत येऊन टोपीला रेटत होती, उन्हात मागे सरत होती. हैदराबादला रेडिओ खोक्याबाहेर गेला, म्हणून तिथं त्याला काही झालेलं दिसलं नाही.

पहिल्यांदा मला इतका आनंद झाला की कान तापले. दोनदा हैदराबादला न सापडलेलं मला सापडलं होतं. आणि लगेच आप्पांचं वाक्य आठवलं. तीस सालात एक काम वापस आलं न्हाई. आज ते आलं होतं, आणि माझ्याच दारात आलं होतं.

मी कागद मुठीत चुरगाळला. टोपी काढून तिचा काठ कानशीनं जरा उतरवला असता तर काम भागलं असतं. खोक्याचं नावही निघालं नसतं.

"साहेब, तार सैल आहे एक," मी म्हणालो. "पाच मिनिटांत करतो."

मागच्या सीटवरून आप्पांचा आवाज आला. "हणमंता, मुठीत काय हाय?"

"काही न्हाई आप्पा. कागद हाय."

"दाव इकडं."

मी दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला. मग पुढे सरकले, मला बाजूला केलं आणि स्वतः तो फटीतून फिरवला. टोपीपाशी अडला तिथं त्यांचा हात थांबला. टपावर पाऊस वाजत होता.

"तार सैल हाय म्हणतोस," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"खोटं बोलून राहिलास तू. माझ्यापायी." ते साहेबांकडे वळले. "वकीलसाहेब, तार बी धड हाय, रेडू बी धड हाय. चूक ह्या खोक्याची हाय. म्हंजी माझी हाय."

साहेबांना काही उमगेना. "अरे मलप्पा, खोक्याचा आणि विजेचा काय संबंध?"

"त्यो हणमंता सांगल. त्याचं काम हाय ते."

मी सांगितलं. टोपी दाखवली, कागद फिरवून दाखवला. तारेत काय दिसतं ते आप्पांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि मीही, खरं सांगायचं तर, लाकडात काय दिसतं ते पहिल्यांदाच पाहिलं. सांगून झाल्यावर साहेब हसले आणि म्हणाले, "म्हणजे तीस सालांनी तुझं काम वापस आलं म्हणायचं."

मला भयंकर राग आला. वकील असले म्हणून काय झालं, मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पाच बोलले.

"आलं ना साहेब. हैद्राबादच्या लोकांला दोन डाव घावलं न्हाई. एवढी बारीक चूक काढाया लई मोठा कारागीर लागतो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यो माझ्या घरचा निघाला."

साहेबांचं हसू मावळलं. अजीज माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होता. मी काहीतरी शोधायचं निमित्त करून दुकानात गेलो आणि कोपऱ्यात तोंड करून उभा राहिलो. डोळे पुसून बाहेर आलो तोवर आप्पांनी खोकं उतरवलं होतं. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून गोल पटाशी काढली. आतला खळगा खोल करायला घेतला आणि मध्येच थांबले.

"किती पायजे जागा? तू सांग."

मी दोन बोटं जवळ आणून दाखवली. त्यांनी तेवढी कोरली, भुसा फुंकला आणि खोकं माझ्या हातात दिलं. "बसव."

रेडिओ आत सारला. कागद घातला, फिरला. टोपीपाशी दुमडून घातला, तोही फिरला. कळ फिरवली. अर्धं मिनिट गेलं. मग हैदराबाद लागलं, आता कुणी बुवा बातम्या देत होते. बाहेर झड तशीच चालू होती. निघताना आप्पांनी माझ्या पाटीवर हात फिरवला. "आंबा हाय. दोन पावसाळ्यांत जाईल. म्या सागवानाची धाडतो." ती पाटी पुढच्या महिन्यात अजीजबरोबर आली. अजून दारावर आहे.

त्यानंतरच्या वीस वर्षांत आप्पांनी ज्याला ही गोष्ट सांगितली नाही असा माणूस लातुरात राहिला नाही. दार करायला आलेल्या गिऱ्हाइकाला, लग्नातल्या पंक्तीत, देवणीच्या बैलबाजारात, कुठंही. आणि दर खेपेला त्यांची चूक वाढत गेली. आधी भिंत कागदाएवढी आत आली होती, मग तांदळाएवढी झाली, मग बोटाएवढी. मला लाज वाटायची. एकदा मी आईकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "आरं, तुझं नाव सरळ घ्यायला त्यांला जमत न्हाई. म्हणून आपली चूक मोठी करून राहिलेत."

शेवटच्या आजारपणात ते माझ्याकडे नांदेडलाच होते. डॉक्टर तपासायला आले, तर त्यांनाही ऐकवली. या वेळी भिंत चांगली मूठभर आत आली होती.

"आप्पा," मी म्हणालो, "कागदाएवढीच होती हो."

"तू गप," ते म्हणाले. "चूक माझी हाय. किती मोठी हाय ते म्या सांगन."