भिंतीपलीकडचा ठोका

मी एक लहानसा स्पीकर बोलतोय. एरवी मी दुसऱ्यांची गाणी सांगतो. आज माझीच गोष्ट सांगतो, कारण जीव टांगणीला लागलाय.

साइगॉनच्या जुन्या सामानाच्या बाजारात लुआनने मला आणि माझ्या जोडीदाराला निवडलं. कितीतरी रविवार तो तिथे हिंडत होता. कमरेएवढ्या स्पीकरांकडे आशाळभूतपणे बघायचा आणि पुढे जायचा. शेवटी दुकानदार वैतागला.

"दादा, फ्लॅट केवढा तुमचा? स्वयंपाकघरात म्हैस बांधणार का? हे घ्या. पुस्तकांच्या फळीवर मावतील, खिशालाही परवडतील. फक्त यांच्या पाठीला भोक आहे, आवाज तिथूनही घुमतो. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, नाहीतर शेजारी जोड्याने मारतील!"

लुआनने मोबाइलवरचं एक वोंग को लावून पाहिलं. वोंग को म्हणजे आमच्याकडचं संथ, काळीज पिळवटणारं गाणं. ओळ संपली की वादकाच्या पायाखालचा लाकडी तुकडा टक् करतो. तो टक् माझ्यातून स्वच्छ उमटला आणि लुआन हसला. तेव्हापासून मी त्याचा झालो.

घरची फळी अरुंद. वीतभर जागा आणणार कुठून? मी भिंतीला पाठ चिकटवून बसलो.

पहिल्याच संध्याकाळी पलीकडून भिंतीवर ठोका पडला. लुआनची बायको थूय दचकली. "अहो, बंद करा! साऊ आजी भिंत ठोकतायत."

साऊ आजी शेजारच्या. तरुणपणी संगीत नाटकमंडळीत वाद्य वाजवायच्या. आता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यात, वाचाही गेलीय. सून संध्याकाळी नूडल्सच्या गाडीवर असते, तेव्हा त्या एकट्याच.

लुआन भिडस्त माणूस. त्यात वरच्या मजल्यावर कॅरिओकेवरून नुकतीच मारामारी झालेली. त्याने आवाज कमी केला, तर ठोके जोरात पडू लागले. मला फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढलं, तर ठोके आणखी जोरात.

"आजारी म्हातारीला छळतोय आपण," थूय म्हणाली. तिला रडूच आलं.

मी कळवळत होतो. प्रत्येक ठोका माझ्या कागदी पडद्यावर येऊन आदळायचा, आणि तो बरोबर गाण्यातल्या लाकडाच्या ‘टक्’ आवाजावर पडायचा. आजी रागावल्या नव्हत्या हो, ताल धरत होत्या! आवाज उतरला की गाणं त्यांच्या हातून सुटायचं, म्हणून त्या जोरात ठोकायच्या. पण मला स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही. आणि माणसं शेजारचं दार वाजवून विचारायचं सोडून भिंतीला घाबरून बसतात.

शेवटी आमची रवानगी खोक्यात झाली. उद्या परत बाजारात नेणार होते. आज लुआन चिकटपट्टी लावत होता, तेवढ्यात ठोका आला. अगदी क्षीण. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

"आता तर काहीच वाजत नाहीये," थूय म्हणाली. "मग का ठोकतायत?"

लुआनने भिंतीवर तळहात टेकवला. रोज वाजणाऱ्या त्या वोंग कोची ओळ तो पुटपुटत गेला. ओळ संपली आणि नेमका ठोका पडला.

"अगं... आजी ताल देतायत."

त्याने पट्टी ओरबाडून काढली, मला पुन्हा भिंतीला चिकटवलं, तारा जोडल्या. तेवढ्या वेळात पलीकडे सगळं शांत झालं होतं.

आता गाणं वाजतंय. पहिली ओळ गेली, दुसरीही गेली. थूय शेजारच्या दाराकडे धावलीय. लुआनचा तळहात अजून भिंतीवरच आहे. आजी, सगळा जीव पाठीत गोळा करून मी गातोय. ही ओळही संपत आलीय. एक ठोका द्या हो.