पाणी ठेवतो

चष्मेवाल्याच्या घरात डोळे आणि दात एकत्र नांदतात, असं शेजारपाजारचे गमतीनं म्हणत. तो चौकातल्या चिंचोळ्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा आणि त्याची बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवताना तिची मान तासन्‌तास वर होत नसे. तिच्या हातची कवळी हिरडीला टोचली अशी तक्रार मात्र कधी आली नव्हती.

पाळी येण्याआधीचे काही दिवस तिला फार जड जात. पोट फुगायचं, पाय सुजायचे, डोकं ठणकायचं आणि बरणीचं झाकण उघडत नाही एवढ्यावरून डोळ्यांना धार लागायची. लग्नानंतर बरीच वर्षं हा गडी अशा वेळी काहीतरी काम काढून दुकानातच बसून राहायचा. पळपुटेपणा, दुसरं काय!

मग एकदा एक निवृत्त नर्सबाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या. त्यांच्यापुढे त्यानं बायकोचं रडगाणं गायलं, तर त्यांनी त्यालाच फैलावर घेतलं. "तिला त्रास होतोय आणि तोंड लपवताय तुम्ही? पोट शेकायला गरम पाण्याची पिशवी द्या. आलं-बडीशेप उकळून द्या. त्या दिवसांत मीठ आणि कॉफी जरा कमी करा, संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं. नाही आला तर डॉक्टर आहेत. पण करून तर बघाल?"

त्यानं मनावर घेतलं. स्वयंपाकघरात बडीशेपेचा डबा पुढे आला, चिवड्याचा मागे गेला. जेवण झालं की दोघं नदीकाठच्या रस्त्यानं चालून येऊ लागली. रात्री तो ओट्यापाशी उभा राहून एकाच पातेल्यातलं अर्धं पाणी पिशवीत ओतायचा आणि उरलेल्यात आलं ठेचून टाकायचा. बायकोला खरंच उतार पडला. "तुझ्यासारखा नवरा शोधून मिळायचा नाही," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा स्वारी अशी काही फुगली की विचारू नका. तिचा चेहरा जरा ओढलेला दिसला की तो म्हणायचा, "पाणी ठेवतो." घरात तो परवलीचा शब्दच होऊन गेला.

इथपर्यंत त्याला नावं ठेवायला जागा नाही. गडबड पुढे झाली. हे पाणी हळूहळू पोटदुखीपुरतं राहिलं नाही. बायको त्या दिवसांत म्हणाली, "तुझा भाऊ न विचारता माझी गाडी घेऊन जातो, ते मला आवडत नाही," की हा म्हणायचा, "पाणी ठेवतो." ती म्हणाली, "मीही दिवसभर काम करून येते, भांडी रोज माझ्याच वाट्याला का?" की हा पातेलं शोधायला लागायचा. भांडी त्या एका रात्री घासायचा, बरं का, कौतुकानं घासायचा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यामागे त्याच्या धंद्याची एक सवय होती. गिऱ्हाईक डोळे चोळत, दमूनभागून आलं, तर तो नंबर काढत नसे. "आज डोळे खरं बोलणार नाहीत. विश्रांती घ्या, मग या," असं सांगून परत पाठवायचा. दुकानात ही सवय सोन्यासारखी होती. त्यानं ती घरी आणली. त्या दिवसांतली बायको म्हणजे दमलेले डोळे, तिचं तेव्हाचं बोलणं धरायचं नाही, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

गेल्या महिन्यात ती लॅबमधून आली ती सुजलेल्या पायांनी आणि लाल चेहऱ्यानं. चपला न काढताच म्हणाली, "साहेब दुसऱ्या गावात नवी लॅब काढताहेत. तिथलं सगळं बघायला वर्षभरासाठी जाशील का म्हणून विचारलं मला. मी हो म्हणून आले."

"अगं, पण दोन दिवस विचार तरी..."

"केलाय. सुट्टीला येत जाईन. मला हे करायचंय. जीव आंबलाय माझा त्या एका टेबलापाशी."

तो म्हणाला, "बस तू. पाणी ठेवतो."

तिनं काढा घेतला, पोटाशी पिशवी धरली आणि तशीच झोपून गेली. चष्मेवाल्यानं गॅलरीचं दार लोटून लॅबच्या साहेबांना फोन लावला. साहेब त्याचंच गिऱ्हाईक होते. "साहेब, आज तिच्या बोलण्यावर जाऊ नका," तो हळू आवाजात म्हणाला. "तिचे ते दिवस जवळ आलेत. तेव्हा ती असंच काहीबाही ठरवते. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा." साहेब हसले. "कळलं, कळलं. बरं झालं सांगितलंत. आमच्याही घरी तेच!" दोन पुरुषांनी मिळून एका बाईला समजून घेतलं, आणि चष्मेवाला शांतपणे झोपला.

साहेबांनी पुन्हा विचारलंच नाही. अशा माणसाच्या हाती नवी लॅब कशी सोपवायची, असा विचार त्यांनी केला असणार. तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका सहकाऱ्याला त्यांनी तिथं पाठवायचं ठरवलं, आणि हे बायकोला चहाच्या सुट्टीत दुसऱ्यांकडून कळलं.

तेव्हापासून चष्मेवाल्याला अन्न गोड लागत नव्हतं. ती चिडली असती, आदळआपट केली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती गप्प झाली. स्वतःच केलेल्या कवळ्या दिव्याखाली धरून उलटसुलट बघत बसायची. "माझ्या कामात काही खोट आली असेल का रे?" असं विचारायची. सांगून टाकावं म्हणून तो तोंड उघडायचा आणि बाहेर काहीतरी भलतंच यायचं. "आलं संपलंय," असलं काही. शेवटी महिना फिरला. त्यानं पुन्हा पिशवी भरून दिली, तेव्हा ती म्हणाली, "किती करतोस रे माझं!" त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाळी येऊन गेली. त्यानंतर एका दुपारी ती अचानक दुकानात आली आणि तपासणीच्या उंच खुर्चीवर बसली.

"माझा नंबर काढ."

"का गं? डोळे दुखताहेत?"

"दुखत नाहीत. पण वाढला असेल नंबर. बारीक काम नीट दिसत नसणार मला आणि साहेबांच्या ते लक्षात आलं असणार. त्याशिवाय ते मला डावलणार नाहीत."

त्यानं दिवा मालवला आणि तपासणीची जड गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. पाटीवरची अक्षरं तिनं वरून खाली घडाघडा वाचली. सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली.

"चूक झाली ना शेवटी?" तिनं घाबरून विचारलं.

चष्मेवाल्याच्या हातात एक भिंग होतं. आता नुसतं म्हणायचं, हो, थोडासा वाढलाय. नवा चष्मा करून द्यायचा. तिला कारण मिळेल, तिचं मन थाऱ्यावर येईल आणि आपण सुटू. असा नीच विचार त्याच्या मनात आला, आणि आला तसा थोडा वेळ थांबलाही. मग तिनं फ्रेमच्या आडून त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरकडे बघावं, तशा भरवशानं पाहिलं.

"चूक नाही झाली," तो म्हणाला. "तुझे डोळे आहेत तसेच आहेत. चूक मी केलीय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. गॅलरी, फोन, साहेबांचं हसणं, सगळं. 'ते दिवस' हे शब्द आपल्याच दुकानात आपल्या तोंडून ऐकताना त्याला शरमेनं घाम फुटला.

बायकोनं फ्रेम काढून काउंटरवर ठेवली. "म्हणजे साहेबांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "तरीच परवा साहेब म्हणाले, तब्येत सांभाळा. मी म्हटलं, किती चांगला माणूस."

"मला वाटलं, तू रागाच्या भरात..."

"रागाच्या भरातच म्हणाले होते. म्हणून काय खोटं होतं? अरे, एरवी मी गिळते सगळं. त्या दिवसांत गिळता येत नाही, एवढंच. भावाचं, भांड्यांचं, त्या नोकरीचं, एक तरी गोष्ट मी नंतर परत घेतली का? तू कधी विचारलंस तरी का?"

इतक्या वर्षांत त्यानं परत पाठवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विश्रांती घेऊन आलं, की त्याचा नंबर त्यानं आठवणीनं काढला होता. बायकोला मात्र, 'आता सांग,' म्हणून त्यानं कधीच पुन्हा विचारलं नव्हतं.

"फोन लाव साहेबांना," ती म्हणाली. "माझ्यासमोर. स्पीकर लाव, मलाही ऐकू दे."

त्यानं लावला. "साहेब, त्या दिवशी मी जे सांगितलं ना, ते चूक होतं," तो म्हणाला. "तिनं पूर्ण विचार करूनच हो म्हटलं होतं. मला मध्ये पडायचा काही अधिकार नव्हता. तिला डावलू नका, साहेब. अन्याय झालाय तिच्यावर, आणि तो माझ्यामुळे..."

पलीकडून साहेब खदखदून हसले. "अहो, अहो, दमानं घ्या! आज तुम्हाला काय झालं? तुमचेही ते दिवस आले की काय?"

चष्मेवाल्याचे कान तापले. आपण आयुष्यात प्रथमच एवढं खरं बोललो आणि ते कुणी धरलंच नाही, हे त्याच्या अंगावर आलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो तर हा माणूस आणखीच हसेल, हेही त्याला कळलं.

बायकोनं त्याच्या हातातून फोन घेतला. "साहेब, मी बोलतेय. इथंच होते, सगळं ऐकलं. उद्या सकाळी तुमच्या केबिनमध्ये येते. माझं काय म्हणणं आहे ते मी सांगेन आणि तुम्ही ते बसून ऐकाल."

उत्तराची वाट न बघता तिनं फोन बंद केला. दिवा लावला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि त्याला काहीतरी बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"पाणी ठेवू?" तिनं विचारलं.