बॉनेटवरची जाळी

मेरापी ज्वालामुखीनं राख ओकली की पायथ्याच्या मुंतिलानमधलं शेंबडं पोरही गाडीला फडकं लावत नाही. आधी पाईप धरायचा, राख वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा. ती राख नव्हेच, दळलेली काच. आणि हे म्हाताऱ्या तिर्तोइतकं कोणाला ठाऊक असणार? चहामळ्याच्या मॅनेजरची गाडी त्यानं तीस वर्षं चालवली आणि पुसली. पण त्या मंगळवारी डोंगर ओकला तेव्हा तो झोपेत होता, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सकाळी घरच्या गाडीच्या बॉनेटवर बोटांना धूळ लागली, रस्त्याचीच असेल असं त्याला वाटलं. कोरडं फडकं घेतलं आणि जीव लावून, गोल गोल, अख्खं बॉनेट पुसून काढलं.

त्याचा मुलगा विबोवो बाहेर आला, तेव्हा बाप घामाघूम होऊन हसत उभा होता.

"कशी झालीय?"

विबोवोनं बॉनेटकडे बघितलं. ही काळी, जुनी, लांबलचक गाडी तो लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्यानं द्यायचा. घर तिच्यावर चालायचं. आणि उन्हात बॉनेटभर बारीक ओरखड्यांची जाळी चमकत होती.

"आरसा, बापाक. अगदी आरसा."

झालं. एकदा असं बोलून बसलं की मागे फिरायला जागा राहत नाही.

खरा घोर वेगळाच होता. म्हाताऱ्याच्या ऑपरेशनची तारीख आठ दिवसांवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या महिन्यात करा. आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल, मग काही केलं तरी दिसायचं नाही." आणि पट्टी सुटली की म्हातारा सगळ्यांत आधी काय बघणार, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. आपल्या हातांनी काय केलंय ते बघून तो मोडून पडला असता.

मग म्हाताऱ्यानं स्वतःच तारीख मोडली. गुडघा दुखतोय म्हणाला. दुसरी तारीख आली, तर म्हणाला कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याकडे कोण बघणार? आणि विबोवोला हायसं वाटलं. स्वतःच्या बापाचे डोळे जाताहेत आणि आपल्याला बरं वाटतंय, या विचारानं त्याला स्वतःचीच किळस आली.

सुमिनी, त्याची बायको, तोंडावर बोलायला कमी करणारी नव्हती. "कोंबडीची काळजी म्हणे! बापलेक दोघंही एकाच माळेचे मणी. एक तर गाडी घासून आणा, नाहीतर त्यांना खरं सांगून टाका. काहीतरी एक करा की!"

विबोवो गाडी घेऊन गितोकडे गेला. गितोचं दुकान रंग घासण्या-चमकवण्याचंच. त्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर चार ठिकाणी टेकवलं आणि ओठ चावला.

"याला पॉलिश किती वेळा झालंय, दादा?"

"बापाक दर ईदला करायचा. बावीस वर्षं."

"म्हणजे म्हाताऱ्यानं लाडालाडात निम्मा रंग खाल्लाय. वरचा पारदर्शक थर कांद्याच्या सालीएवढा उरलाय बघ. वॉटर पेपरनं ओलं घासलं तर जाळी जाईल. पण ओरखडे खोल आहेत. थर फुटला तर खालचा रंग उघडा पडेल, पांढुरका डाग बसेल. मी किती चमकवला तरी तो डाग जायचा नाही."

"मग?"

"नवा रंग मारू."

"तो कारखान्यातला रंग आहे. बापाक गावभर तेवढंच सांगत फिरतो."

"मग हात लावू नकोस. लोक नवरीकडे बघतात, बॉनेटकडे नाही. मोगऱ्याच्या माळा टाक वर."

विबोवोला पटलं. घासायचं नाही आणि संध्याकाळी बापाला खरं सांगायचं, असं ठरवून तो घरी आला. तर म्हातारा अंगणात वाटच बघत होता.

"गितो काय म्हणाला?"

"कोण गितो?"

"पोरा, मी आंधळा झालोय, येडा नाही." म्हातारा चाचपडत गाडीपाशी आला आणि त्यानं बॉनेटवर अंगठ्याचं नख फिरवलं. "इथं अडतं. इथंही अडतं. त्याच दिवशी दुपारी कळलं मला. रेडिओवर राखेची बातमी लागली, तसं येऊन नख फिरवून बघितलं. पण तू आरसा म्हणालास. मग मीही गप्प बसलो."

"आणि गुडघा? कोंबडी?"

"डोळे करून बघू काय? हे?" त्यानं बॉनेटवर हात आपटला. "तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीला एक ओरखडा पडू दिला नाही मी. आणि पोटच्या पोराच्या अन्नावर फडकं फिरवलं. आधी हे घालव. नख अडेनासं झालं की ने मला दवाखान्यात. तोवर दोरीनं बांधून नेलंस तरी टेबलावर आडवा होणार नाही."

विबोवोला गितोचं बोलणं आठवलं. थर फुटेल असं सांगावं, तर म्हातारा घासूही देणार नाही आणि डोळेही करणार नाही. महिन्याचे अकरा दिवस उरले होते. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, डोंगराचा, फडक्याचा, स्वतःच्या त्या एका शब्दाचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं गितोच्या हातात किल्ली दिली.

"विचार केलास ना?"

"घास."

गितोनं साबणाचं पाणी सोडलं आणि हात हलका ठेवून काम सुरू केलं. अर्धं बॉनेट छान उतरलं. मग पुढच्या बाजूला, जिथं पत्रा वाकतो तिथं, गितोचा हात थांबला. त्यानं पाणी पुसलं. तळहाताएवढ्या जागेत काळा रंग मेल्यासारखा पांढुरका पडला होता.

"फुटला," गितो म्हणाला.

त्यानं तरीही सगळं बॉनेट मन लावून पॉलिश केलं. डाग गुळगुळीत झाला. गेला मात्र नाही.

घरी म्हाताऱ्यानं हात धुतले, पुसले आणि काचेच्या कडेपासून खाली अंगठ्याचं नख फिरवत आणलं. डागावरूनही नख तसंच सरकत गेलं. त्यानं दुसऱ्यांदा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. मग तो बॉनेटवर दोन्ही हात पसरून लहान पोरासारखा हसला, आणि त्याच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कुठंच अडत नाही रे! सोमवारची तारीख घे."

सुमिनीनं डागाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि ओढणी तोंडाला लावून ती आत गेली.

"आणि ऐक," म्हातारा म्हणाला, "पट्टी काढतील तेव्हा गाडी दवाखान्याच्या दारातच उभी कर. तोंड माझ्याकडे करून."

"करतो, बापाक," विबोवो म्हणाला.