आनंदीबाईंचा नीलम

आपला नीलम खोटा निघावा म्हणून देवापुढं साखर ठेवणारी बाई अख्ख्या कर्जतात दुसरी झाली नसेल. पद्मजानं त्या सकाळी ठेवली, आणि अगदी मनापासून हात जोडले.

तो खडा तिच्या थोरल्या जावेचा, आनंदीबाईंचा. घराण्यात तो थोरल्या सुनेकडं जायचा, अशी रीत. आनंदीबाईंना मूलबाळ नव्हतं; होती नव्हती ती सगळी माया त्यांनी पद्मजाच्या सुचेतावर उधळली होती. गेल्या वर्षी विषमज्वरानं पोर हाताबाहेर गेली, डॉक्टरांनी मान खाली घातली, तेव्हा आनंदीबाईंनी बोटातला नीलम काढून पोरीच्या उशाखाली सारला आणि तिच्याशेजारी आडव्या झाल्या. नीलम उशाखाली ठेवून स्वप्नाचा कौल घ्यायचा आणि मगच तो अंगावर घालायचा, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्याचं उसं त्याचंच स्वप्न. खडा दुसऱ्याच्या उशाखाली आणि स्वप्न आपण पाहायचं, असला उलटा कौल कुणी घेत नाही. आनंदीबाईंनी तो घेतला.

उजाडता उजाडता ताप उतरला. स्वप्न काय पडलं ते त्यांनी सांगितलं नाही. अंगठीतला खडा चांदीच्या कोंदणात बसवून घेतला, काळ्या गोफात ओवून पोरीच्या गळ्यात बांधला आणि एवढंच म्हणाल्या, “मिळाली तशी घे हो पद्मा, पारखत बसू नकोस. आणि हा गळ्यातून काढू नकोस.” पंधरवड्यात त्या स्वतःच गेल्या.

तेव्हापासून तुळशीला पाणी घालताना पद्मजा देवाच्या आधी जावेचं नाव घेई, आणि त्यात देवाला राग येण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. दिलं तरी किती होतं बाईनं! पोर नुसती वाचली नाही, सोन्यासारखी झाली. हट्ट नाही, रडणं नाही, सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तापात अंगाची सालपटं निघाली त्यात हनुवटीवरचा जुना व्रणसुद्धा गेला. जात्यावर आपटून तीन टाके पडले होते, तिथं आता बोट फिरवलं तरी काही लागत नसे.

“लय गुणाची झाली हाय गं बाय तुजी पोर,” भांडी घासता घासता भागूबाई म्हणायची. “पयली काय कारटी व्हती! मला चावली व्हती, आठवतं का?” आणि मनगटावरची खूण दाखवायची. खूण अजून होती.

आता अप्पांनी, म्हणजे पद्मजाच्या थोरल्या दिरांनी, दुसरं लग्न ठरवलं आणि खड्याचा विषय निघाला. अप्पा दुष्ट नव्हते, रीतीला धरून होते. “खरा असला तर थोरल्या सुनेचा,” ते म्हणाले. “हल्ली म्हणे भट्टीतही करतात. तसला निघाला तर राहू दे पोरीच्या गळ्यात.” पद्मजाचा नवरा, हरी, शाळामास्तर, त्याला हे न्यायाचं वाटलं. म्हणून तर तिनं त्या सकाळी देवापुढं साखर ठेवली होती.

मुंबईवर बॉम्ब पडणार या धास्तीनं त्या साली अर्धं गिरगाव-भुलेश्वर कर्जत-नेरळात येऊन राहिलं होतं. त्यातच एक म्हातारे जव्हेरी अप्पांच्या शेजारी उतरले होते. त्यांना ओटीवर बोलावलं. सुचेता उंबऱ्यात मोठ्यानं मोजत सागरगोटे खेळत होती. ती ‘चार’ म्हणाली तोच पद्मजानं तिच्या गळ्यातला गोफ सोडला, वर्षात पहिल्यांदा.

जव्हेऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ खडा उजेडात फिरवला.

“खाणीतल्या खड्यात काहीतरी असायचंच,” ते म्हणाले. “धागा, पीस, एखादा डाग. यात काही नाही. आणि ह्या बारीक रेघा, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वाकलेल्या. खाणीतल्या सरळ असतात. हा भट्टीतला.”

“अहो, पण माझ्या आजीच्या बोटात होता हा,” अप्पा म्हणाले. “तेव्हा कुठल्या आल्या भट्ट्या?”

जव्हेऱ्यांनी भिंग धोतराला पुसलं, पुन्हा पाहिलं. “पैलू जुन्याच घडणीचे आहेत,” ते हळूच म्हणाले. “तेच मला उमजत नाही.” मग खडा पद्मजाच्या हातात देत म्हणाले, “पण सुरेख आहे हो, वहिनी. इतकं निर्मळ देव करत नाही.”

पद्मजानं त्यातलं ‘भट्टीतला’ एवढंच ऐकलं होतं. तिनं मनातल्या मनात जावेच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळे भरून आले होते. ती वळली, तर सुचेता उंबऱ्यात मघाच्याच जागी बसली होती. तळहात उताणा, सागरगोटे पायाशी सांडलेले, तोंड अर्धवट उघडं. पापणी हलत नव्हती. पद्मजानं घाईघाईनं गोफ बांधला.

“पाच,” सुचेता म्हणाली, आणि गोटा उचलून खेळू लागली.

दुपारी पानं वाढली. अप्पांनी आनंदानं खड्यावरचा हक्क सोडला होता, हरी शाळेत गेला होता. मायलेकीच जेवायला होत्या, आणि पानात कारल्याची भाजी होती. पद्मजानं ती मुद्दाम केली होती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पूर्वी कारलं पाहिलं की सुचेता डाव्या हातानं ताट भिरकावून द्यायची. आता निमूट खात होती.

“आणखी घाल ना, आई.”

पद्मजानं घातली. हनुवटीकडं पाहायचं नाही असं ठरवून ती हनुवटीकडंच पाहत होती. पारखत बसू नकोस, जाऊ म्हणाली होती.

“कडू नाही लागत का गं, सुचू?”

पोरीचा घास हातातच राहिला. तिनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, नीट, लक्ष देऊन, धड्यातला अवघड शब्द पाहावा तसं.

“लागायला हवं का?”

पद्मजानं भाजीचं भांडं बाजूला सारलं. तेव्हा सुचेतानं तोंड वाकडं केलं, डाव्या हातानं ताट भिरकावलं, भात पार भिंतीपर्यंत उडाला. अगदी गेल्या वर्षीसारखा. मग लगेच ती शांत झाली आणि आईकडं बघत राहिली.

“असंच ना?” तिनं विचारलं.

“हो गं माझी बाय, असंच,” पद्मजा म्हणाली. तिनं जावेचं नाव घेतलं, आणि पोरीला जवळ ओढून गोफाची गाठ आणखी घट्ट केली.