आंगररांचा मूळपुरुष

गावच्या गायरानाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'आंगर'ला, लागून वाडी, म्हणून आडनाव आंगरर. या नावाचे बिशप झाले, सेनापती झाले! उद्या आंगररांचा मेळावा, म्हणून म्हातारा कोर्बिनियन चर्चच्या जुन्या वहीत मूळपुरुष शोधत होता. बव्हेरियातल्या त्या गावात वाडीवर नांदेल तो आंगरर. पण स्वतःच्या घरजावयाला म्हातारा हट्टाने त्याच्या मूळ आडनावाने 'हुबर'च म्हणायचा.

"सापडला! माथियास आंगरर, सोळाशे ब्याऐंशी!" तो आनंदाने ओरडला.

"पुढचं वाचा की, बाबा," मुलगी वाल्बुर्गा म्हणाली. "मूळचा श्टाडलर. वाडीवरच्या विधवेशी लग्न लावलं आणि वाडीचं नाव घेतलं."

म्हाताऱ्याने आ वासला. मग खो खो हसत खिडकीतून, खाली ट्रॅक्टरपाशी थांबलेल्या जावयाला हाक मारली, "या वर, आंगरर! आपला मूळपुरुष तुमच्याच पंक्तीतला निघाला!"