राधाचं स्टूल

"काका, ब्रेकवरून पाय हळूच काढा," शोरूमची नूपुर शेजारच्या सीटवरून म्हणाली.

प्रफुल्ल पेडणेकरांनी पाय काढला. हायब्रिड गाडी सरकली, पण आवाज म्हणून नाही. "चालू आहे ना गं?"

"चालूच आहे. हळू असली की बॅटरीवर पळते. तुमचं काम काय, गिरगाव ते परळ पेशंटची ने-आण. नुसता ट्रॅफिक. तुमच्यासाठीच बनवलीय समजा! तुमच्या फणसवाडीतल्या दोघांनी तर बुकपण केलीय."

पटण्यासारखंच होतं. जुनी डिझेल गाडी या महिन्यात मोडीत निघायची होती. तरी पेडणेकरांचं मन धजत नव्हतं, आणि त्याचं कारण घरी होतं.

काचबिंदूमुळे त्यांच्या बायकोला, राधाला, आता फक्त उजेड कळत होता. एकेक काम तिच्या हातून गेलं, एवढं एक तिनं सोडलं नव्हतं. चाळीसमोरची जागा दुसऱ्या कुणी अडवू नये म्हणून तिथे प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं असे. डिझेलचा खडखडाट वाडीच्या तोंडाशी आला की राधा भिंत चाचपत यायची आणि स्टूल उचलायची. कुणी मदतीला धावलं तर त्याची धडगत नसे.

"वाडीत नेऊन बघतो," पेडणेकर म्हणाले.

गाडी आत वळली तेव्हा राधा ओट्यावरून उतरतच होती. आवाज नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं धरून ती बिनधास्त पुढे आली. पेडणेकरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

ते पटकन खाली उतरले. "अगं, मी आहे!"

"अहो, चालत आलात?" तिनं हात पुढे केला. बॉनेट लागलं. ती हसली. "अगोबाई, ही होय ती!"

"नाहीतर हॉर्न वाजवत येईन मी."

"माझ्यासाठी वाडीभर बोंबलत येणार? काही नको. टायरचा तरी आवाज येत असेल ना? शिकेन मी. जा, मागे नेऊन परत आणा. आलात की हात वर करते."

राधा भिंतीला टेकून, मान कलती करून उभी राहिली. वर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. पेडणेकरांनी गाडी मागे नेली आणि माणसाच्या चालीनं पुढे आणली. कर गं हात वर, ते मनात विनवत होते. गाडी तिच्यासमोरून गेली. हात खालीच.

त्यांनी आरशात पाहिलं. मागून एक पाववाला सायकल घेऊन आला. राधाचा हात झटकन वर गेला.

"आलात! ओळखलं की नाही?"

पेडणेकरांनी गाडी थांबवली. "बरोब्बर ओळखलंस," ते खिडकीतून ओरडले. मग नूपुरला हळूच म्हणाले, "ही मला नको, पोरी." आरशात राधाकडे बघत त्यांनी विचारलं, "वाडीतल्या त्या दोघांच्या गाड्या कधी येणार गं?"

"पुढच्या आठवड्यात, काका."

"थांबा हं, स्टूल उचलते," म्हणत राधा भिंतीपासून सुटली आणि भर रस्त्यातून ताठ चालत आली.